पाच शिलिंगांचा नाताळ

आमच्या नगरच्या वाड्यात कायमची वस्ती सत्तावीस माणसांची होती असे मी आजवर सर्वांना सांगत आलो. परंतु हा आकडा कोणत्या सालच्या मोजणीचा, आणि त्यात मामा धरले आहेत की नाहीत, असे कोणी खोदून विचारले तर माझी पंचाईत होते. आजी-आजोबा, त्यांचे चार मुलगे, चार सुना, तेरा नातवंडे आणि अकाली वैधव्य आल्यामुळे दोन मुलांसह माहेरी परतलेली आत्या, ही बेरीज सव्वीसच भरते. सत्ताविसावे मामा. हे मामा नेमके कोणाचे मामा, याविषयी घरात दोन पक्ष होते. आजी त्यांना आजोबांच्या नात्यात ढकलीत असे आणि आजोबा आजीच्या. निर्विवाद एवढेच होते की, एका नाताळला ते शेवगावकडून सणापुरते म्हणून आले, त्यांना माडीच्या जिन्याखालची जागा देण्यात आली, आणि पुढचा नाताळ आला तेव्हा ते तिथेच असल्यामुळे त्यांना पुन्हा आमंत्रण धाडण्याचा प्रसंग उद्भवला नाही.

एवढ्या माणसांत बंब एक आणि न्हाणीघर एक. पहाटे साडेचारला बंब पेटे. मिशनच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या आजोबांनी कचेरीत जाणारे, शाळेत जाणारे आणि कोठेच न जाणारे अशी प्रतवारी लावून स्नानाचा अनुक्रम सिद्ध केला होता आणि तो फळ्यावर खडूने लिहून न्हाणीच्या दाराशी टांगला होता. हा जाहीरनामा सर्वांगपरिपूर्ण होता. परंतु चाळीस वर्षांच्या सवयीने आजोबांनी फळ्याखालीच खडूही ठेवून दिल्यामुळे रोज रात्री त्यात फेरफार होत, आणि पहाटे उठून पाहावे तो थोरले काका, जे कलेक्टर कचेरीत अव्वल कारकून होते आणि ज्यांच्या एका सहीवाचून कित्येक पाटलांची कामे अडून राहत, ते मामांच्याही खाली सत्ताविसाव्या जागी जाऊन पडलेले असत.

राज्यकारभार दोघांत विभागलेला होता. हिशेब, पत्रव्यवहार, उपासना आणि तत्त्वे हे खाते आजोबांचे. कोठीची किल्ली, तेल, तूप, साखर आणि माणसे हे खाते आजीचे. आजोबांचा अधिकार मोठा होता, यात शंका नाही. फक्त त्यांच्या अधिकारातील कोणतीही गोष्ट खाता येण्याजोगी नव्हती.

आता नाताळविषयी या दोन खात्यांत जो कलह झाला, त्याचे मूळ समजावे म्हणून थोडे इतिहासात शिरणे भाग आहे. ज्या अमेरिकन मराठी मिशनच्या छायेत आमचे घराणे वाढले, त्याचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले आणि १८३१ साली त्यांचे ठाणे अहमदनगरास झाले. ही मंडळी बोस्टनकडची. त्यांनी शाळा काढल्या, मुलींना शिकविले, १८४२ साली नगरातूनच 'ज्ञानोदय' सुरू केले. पण त्यांचे पूर्वज कडक प्युरिटन, सणासमारंभांकडे संशयाने पाहणारे, आणि हा संशय आजोबांनी गुरुदक्षिणेच्या उलट्या न्यायाने गुरूंकडून जसाच्या तसा घेतला होता. मिशनरी स्वतः केव्हाच निवळले होते. त्यांच्या बंगल्यांत झाड सजे, मडमसाहेब मुलांना खेळणी वाटीत. आजोबा मात्र जुन्या प्रतीवरच कायम राहिले. नाताळ म्हणजे सकाळची उपासना, दुपारी साधे जेवण आणि संध्याकाळी चिंतन, असा त्यांचा मसुदा होता.

आजीला हा मसुदा मुळातच अमान्य होता. तिचे म्हणणे असे की, प्रभूचा जन्म ज्या घरात कढई न चढवता साजरा होतो, त्या घरात तो साजरा झाला हे शेजाऱ्यांना कळावे कसे? आणि शेजाऱ्यांचा प्रश्न साधा नव्हता. दिवाळीत वाड्याच्या तिन्ही बाजूंनी फराळाची ताटे येत, ईदेला मागच्या आळीतून शीरखुर्म्याचे पातेले येई; या सर्वांचे देणे नाताळला फेडावयाचे असे, आणि रिकामे ताट परत करणे हा आजीच्या धर्मशास्त्रातला अकरावा अपराध होता. त्यामुळे बोस्टनच्या पाहुण्यांनी आणलेला सण आमच्या घरात करंज्या, चकल्या, शंकरपाळे, चिवडा आणि अनारसे यांच्या रूपाने अवतरे, आणि दिवाळीत वकिलीणबाईंच्या दारावर लागलेला आकाशकंदील नवा कागद लावून, पाच टोकांची चांदणी होऊन, आमच्या दारावर चढे.

१९३८ सालच्या नोव्हेंबरअखेरची गोष्ट. निवृत्त होऊन अमेरिकेस परत निघालेल्या एका मिशनरी साहेबांनी आजोबांना पेटीभर पुस्तके दिली होती आणि आजोबा ती एकामागून एक, प्रत्येक पान संपले की समासात पेन्सिलीने त्या दिवसाची तारीख टाकीत, वाचून काढीत होते. त्या रात्री उपासना आटोपल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि, विजय मिळालेल्या सेनापतीलाही लपवता येणार नाही अशा स्वरात, न्यू इंग्लंडच्या इतिहासाचे एक पान सर्वांना वाचून दाखविले. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६५९ साली कायदा केला होता की, जो कोणी काम बंद ठेवून, मेजवानी करून अथवा अन्य कोणत्याही रीतीने नाताळचा दिवस पाळील, त्यास प्रत्येक अपराधास पाच शिलिंग दंड व्हावा.

"ऐकलंस?" आजोबा म्हणाले. "आपले गुरू ज्या मुलखातून आले तिथला हा कायदा. आणि इथे गेल्या वर्षी नाताळपायी एक्केचाळीस रुपये खर्च झाला."

आजी सुपात तांदूळ निवडीत बसली होती. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजवावयाचे असतात, तेव्हा तिचा गुन्हा या क्षणी पूर्वतयारीच्या अवस्थेत होता. तिने मान वर केली नाही.

"काम बंद ठेवून म्हणालात ना? मग ते कलम आम्हाला लागू नाही. या घरातल्या एकाही बाईनं नाताळच्या दिवशी काम बंद ठेवलेलं मी अजून पाहिलं नाही. मेजवानीचं म्हणाल, तर पाच शिलिंग म्हणजे आपले किती हो?"

येथे आजोबांचा घात झाला. चाळीस वर्षे अंकगणित शिकविलेल्या माणसापुढे त्रैराशिक टाकावे आणि त्याने ते न सोडविता जाऊ द्यावे, हे त्याच्या प्रकृतीला झेपणारे नसते. एका रुपयास एक शिलिंग सहा पेन्स हा त्या वेळचा सरकारी भाव. आजोबांनी डोळे मिटले, ओठ हालविले आणि सांगितले, "तीन रुपये पाच आणे चार पै. बरोबर."

आजीने सूप बाजूला ठेवले. कडोसरीची पुरचुंडी सोडली, जीत अंड्यांच्या विक्रीचे तिचे खाजगी भांडवल असे, आणि आजोबांपुढच्या मेजावर तीन रुपये ठेवले, मग पाच आणे ठेवले, मग एक पैसा ठेवला. आणि शेवटची एक पै सापडेना तेव्हा उठून कोठीत गेली, मिठाच्या बरणीमागून ती शोधून आणली आणि पैशावर टेकवली.

"हा दंड. आता दोन शेर तेल जास्त आणवा."

आजोबांनी कायद्याचा आधार घेऊन पाहिला. दंड माणशी आहे, म्हणजे सत्तावीस माणसांचा मिळून नव्वद रुपये होतो, असे ते म्हणाले. आजीने उत्तर दिले की अपराध करणार ती एकटी. बाकीचे तिच्या हुकमाचे ताबेदार, आणि हुकमाच्या ताबेदाराला शिक्षा करायची तर आधी थोरल्याच्या कचेरीपासून सुरुवात करा. थोरले काका फळ्यावरच्या आपल्या जागेकडे पाहू लागले. शेवटी आजीने पावती मागितली, कारण पावतीवाचून पैसा देणे तिला ठाऊक नव्हते. आणि आजोबांना, ज्यांनी आयुष्यात एकही बेहिशेबी पै स्वीकारली नव्हती, 'नाताळ पाळल्याबद्दल दंड, रु. ३-५-४, पावले' अशी रीतसर पावती तिकिटावाचून का होईना लिहून द्यावी लागली. ही रक्कम वहीत कोणत्या खाती जमा करावी हा दुसरा पेच. घरखर्चात घेता येईना, कारण तो दंड. सरकारात भरता येईना, कारण सरकार मॅसॅच्युसेट्सचे. दोन दिवस विचार करून त्यांनी 'अनामत' असे नवे खाते उघडले, शेरा मारला 'बोस्टनकडे रवानगी बाकी', आणि पैसे बिस्किटांच्या एका डब्यात घालून कपाटात ठेवले.

तेव्हापासून दर डिसेंबरच्या पहिल्या तारखेला आजी दंड आगाऊ भरू लागली, पावती घेऊ लागली आणि मग कायद्याचे भय उरले नसल्यामुळे पूर्वीपेक्षा दुप्पट मोकळेपणाने कढई चढवू लागली. युद्धकाळात पैचे नाणे दुर्मिळ झाले तेव्हा ती वर्षभर बाजारातून आलेल्या सुट्यातून चार-दोन पै वेचून ठेवी. नाताळची पहिली तयारी म्हणून आमच्या घरात पै धुऊन पुसून बरणीत पडे.

त्या दिवसांत स्वयंपाकघर हा प्रदेश पुरुषांना निषिद्ध होई आणि मुलांना वेठीला धरले जाई. मधल्या काकू पोळपाटावर पारी लाटीत, माझी आई सारण भरी, आत्या कातणीने कडा कापी आणि आम्ही पोरे तयार करंज्यांवर ओले फडके झाकण्याच्या कामावर तैनात असू. कढईपाशी मात्र स्वतः आजी. अनारसा हा पदार्थ फार मानी. पीठ किंचित सैल झाले, गूळ जरा जास्त पडला, की तो तुपात पडल्याबरोबर विरघळून जाळी-जाळी होऊन पसरतो, आणि आपल्या बायका त्याला 'अनारसा हसला' असे म्हणतात. आमच्या घरी अनारसा हसला की कोणीतरी रडे. पीठ कोणी मळले, गूळ कोणी किसला, कोणाची सावली पडली, याची खोलीचे दार लावून चौकशी होई. तीत एकदा असे निष्पन्न झाले की मामा तूप कढत असताना दारातून 'झालं का?' म्हणून विचारून गेले होते. त्यानंतर डिसेंबरभर मामांना स्वयंपाकघराच्या दारावरून जाण्यास मनाई झाली आणि त्यांना आपल्या जिन्याखाली पोहोचण्यासाठी परसातून वळसा घालावा लागे.

हसलेले अनारसे ताटात घालून शेजारी पाठवता येत नसल्यामुळे ते आम्हा मुलांच्या वाट्याला येत. पीठ बिघडावे अशी गुप्त प्रार्थना करणारा एक पक्ष आमच्यात होता, हे आता कबूल करावयास हरकत नाही.

केक हे नवे प्रकरण धाकट्या काकूंनी मुंबईहून माहेरच्या बोलीसारखे बरोबर आणले. घरात तसली भट्टी नव्हती. तेव्हा तीन डझन अंड्यांचे मिश्रण चार डब्यांत घालून ते रात्री पावभट्टीवर न्यावयाचे आणि पहाटे भाजलेले आणावयाचे, असा सगळ्या ख्रिस्ती आळीचाच रिवाज पडला. भट्टीवर एका रात्रीत पन्नास घरांचे डबे. ओळख राहावी म्हणून आजोबांनी सुवाच्य अक्षरात नावाच्या चिठ्ठ्या डब्यांना चिकटवून दिल्या. कागद आणि भट्टी यांच्या परस्परसंबंधाचा विचार अंकगणितात येत नसल्यामुळे त्यांचे सकाळी काय झाले हे सांगावयास नको. आम्ही अदमासाने चार डबे उचलून आणले. पहिला तुकडा तोंडात घालताच आजीचे घास चावणे थांबले. त्या केकमध्ये आमच्यापेक्षा तिप्पट मनुका होत्या. ती कोणाशी काही बोलली नाही, केक सर्वांनी मिळून संपविला. परंतु ज्या घरी आमचा केक गेला त्या घरानेही कधी तक्रार केली नाही, ही गोष्ट तिला अखेरपर्यंत डाचत राहिली. आपण मनुका मोजून घालतो हे मंडळीतल्या कोणत्या तरी एका कुटुंबाला ठाऊक आहे, आणि ते कुटुंब कोणते हे आपल्याला ठाऊक नाही, अशा अवस्थेत तिने पुढील कित्येक वर्षे देवळात प्रत्येक बाईच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले.

चोवीस तारखेच्या रात्री गाणी गात घरोघर फिरणारी तरुण मंडळी येत. पुढे गॅसबत्ती, मध्ये गळ्यात अडकवलेली पेटी, मागे ढोलकी आणि झांजा. नगरच्या डिसेंबरातली थंडी इतकी कडक की पेटीवाल्याची बोटे सुरांवर पडत ती सूर पाहून नव्हे, तर ऊब पाहून पडत असावीत. नारायण वामन टिळकांची पदे सुरू झाली म्हणजे दिंडीच चालली आहे असा भास होऊन निजलेली माणसे उठून बसत. इंग्रजीवरून भाषांतरित केलेल्या गीतांची गोष्ट वेगळी होती. परक्या चालीत मराठी शब्द बसविताना थोरल्या भावाचा कोट धाकट्याने घालावा तसे होई. कुठे बाही लोंबे, कुठे अक्षर तीन-तीन मात्रा ताणून गुंड्या लावाव्या लागत. रात्री दोन वाजता चाळीस माणसांना चहा देणे हे आजीला संकट वाटत नसे; संकट एवढेच की मामा गाण्यांच्या आवाजाने उठत, त्या मंडळींत सामील होत आणि पहाटेपर्यंत नगरभर फिरून, ज्या घरांशी आमचे बोलणे नाही नेमक्या त्या घरी करंजी खाऊन परत येत.

१९४२ च्या नाताळात या मंडळींनी भिंगारच्या वाटेने, किल्ल्यावरून जाण्याचा बेत केला. काँग्रेसचे पुढारी ऑगस्टपासून किल्ल्यात स्थानबद्ध होते. आजोबांनी पोलिसांच्या धाकाने परवानगी नाकारली. आत बारा जण आहेत हे आम्हाला मागाहून समजले; आजीने अदमासाने एकवीस करंज्या वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. साखर नियंत्रणात आली होती, घरच्या पोरांना त्या साली करंज्या मोजून मिळाल्या, तरी तिने त्या एकवीसांना हात लावू दिला नाही. पोहोचवणार कोण आणि कशा, याचा विचार तिने केला नव्हता. वर्षअखेरीस, त्या मऊ पडू लागल्यावर, तिने त्या नाइलाजाने आम्हाला वाटल्या. तेव्हा नेहरू-पटेलांच्या वाट्याची एक करंजी मी खाल्ली आहे असे म्हणण्यास मला आधार आहे. मात्र तिला खवट वास येत होता.

कपड्यांची व्यवस्था आजोबांकडे होती, म्हणून ती काटकसरीची होती. सणाच्या आधी एकच तागा येई. त्यातून सर्व मुलांचे सदरे, सर्व मुलींचे झगे, आणि उरल्या कापडात खिडक्यांचे पडदे. ज्या सालची ही हकीकत, त्या साली कापड निळ्या चौकड्यांचे होते, आणि एक तुकडा तरीही उरला म्हणून आजीने वकिलीणबाईंच्या धाकट्या मुलालाही सदरा शिवविला. मी सात वर्षांचा होतो. रात्रभर गाणी ऐकून जागलो होतो. पहाटे अंघोळ करून, नवा सदरा घालून ओटीच्या खिडकीत बसलो आणि पडद्याला टेकून तसाच झोपी गेलो. निळ्या चौकड्यांना टेकलेल्या निळ्या चौकड्या! माणसे माझ्या अंगावरून ये-जा करीत होती, आत्या खिडकी लावून गेली, पण मी कोणाच्या नजरेस पडलो नाही.

आजोबांनी दारात उभे राहून नेहमीप्रमाणे काठीने मोजणी केली. मुले पंधरा असावयास हवी होती, पंधरा भरली. सर्व लवाजमा देवळात गेला, पहिल्या दोन बाकांवर बसला, उपासना झाली, मुलांना संत्री वाटली गेली. आणि परत फाटकापाशी आल्यावर माझ्या आईला, पंधरावा मुलगा गंध लावलेला आहे, असे दिसून आले. वकिलीणबाईंचे चिरंजीव माझ्या जागेवर बसून, माझे संत्रे घेऊन, डोळे मिटून प्रार्थना करून आले होते. मोजणी सदऱ्यांची झाली होती, मुलांची नव्हे. आजी आजोबांवर कडाडली. आजोबांनी शांतपणे लूकच्या शुभवर्तमानाकडे बोट दाखविले: यरुशलेमेहून परतताना मरिया आणि योसेफ यांच्याही मोजणीत बारा वर्षांचा येशू चुकला होता, आणि ते त्यांच्या ध्यानात एक दिवसाची वाट चालून गेल्यावर आले, आमच्या ते निदान फाटकापाशी तरी आले. या युक्तिवादावर आजीला उत्तर सापडले नाही, असा प्रसंग मला तरी हा एकच ठाऊक आहे. संत्रे मला परत मिळाले नाही.

१९५७ च्या एप्रिलात दशमान नाणी आली आणि आजोबांच्या वृद्धापकाळी त्यांच्यापुढे नवाच पेच उभा राहिला. तीन रुपये पाच आणे चार पै म्हणजे तीन रुपये तेहेतीस नये पैसे आणि वर एक तृतीयांश. या एक तृतीयांशाचे नाणे भारत सरकारने पाडलेले नव्हते. आजीने तेहेतीस ठेवले आणि उठली. आजोबांनी पावती तेहेतिसाची दिली. वहीत मात्र तिच्या नावे 'येणे बाकी ⅓ न. पै.' अशी नोंद केली. दोन वर्षांनी ते वारले. वही, डबा आणि ती बाकी थोरल्या काकांकडे वारसाहक्काने आली, आणि काका कचेरीतले असल्यामुळे त्यांनी त्या तृतीयांशाची नोंद एकाही वर्षी चुकविली नाही. आजीही चुकली नाही. आजोबा नव्हते, त्या पहिल्या नाताळला कढई चढेल की नाही असे सुनांना वाटत होते. तिने एक तारखेला काकांपुढे पैसे ठेवले.

१९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. पौंड एकवीस रुपयांचा झाला; पाच शिलिंग सव्वापाच रुपयांचे. एका रात्रीत नाताळचा दंड जवळजवळ दोन रुपयांनी चढला. अवमूल्यन म्हणजे काय हे काकांनी आजीला अर्धा तास समजावून सांगितले आणि ती म्हणाली, "म्हणजे गुन्हा तेवढाच, पण आमची ऐपत कमी झाली म्हणून दंड जास्त. तुझ्या कचेरीला शोभेल असंच आहे." पुढल्याच साली, नोव्हेंबरात, पौंडही घसरला, दंड साडेचार रुपयांवर उतरला, आणि ब्रिटिश सरकारला आपली दया आली अशी तिची समजूत झाली.

मग १९७१ च्या फेब्रुवारीत इंग्लंडने शिलिंगच मोडीत काढला. ही बातमी काकांनी दहा महिने मनात ठेवली आणि एक डिसेंबरला, आजी पैसे मोजू लागली तेव्हा, काढली. आता दंड कोणत्या नाण्यात आकारावा? मूळ कायद्यात काही पर्याय दिला आहे का, ते पाहून येण्याची कामगिरी मजकडे आली. मी माळ्यावरून पेटी काढली, पुस्तक झटकले, पान उघडले. समासात पेन्सिलीने तारीख होती: ३०-११-३८. पान उलटले. पुढच्याच पानावर लिहिले होते की नाताळविरुद्धचा तो कायदा १६८१ साली रद्द करण्यात आला आणि पुढे १८५६ साली तर मॅसॅच्युसेट्सने नाताळची रीतसर सार्वजनिक सुट्टी ठरविली. या पानाच्याही समासात तारीख होती, आजोबांच्याच हातची: १-१२-३८.

मी ते वाचून दाखविले. थोरल्या काकूंनी पदर तोंडाला लावला. आजी, जिचे वय तेव्हा पंचाऐंशीच्या घरात होते आणि जिला हवे तेवढेच ऐकू येत असे, तिने पुस्तक मागून घेतले, डोळ्यांजवळ धरले आणि त्या पेन्सिलीच्या तारखेवर बराच वेळ बोट ठेवून बसली.

"डबा आण," ती म्हणाली.

डबा आला. तिच्या ट्रंकेतून तेहेतीस पावत्या आल्या. काकांनी बेरीज केली: एकोणीस वर्षांचे रु. ६३-५-४, पुढे नऊ वर्षांचे एकोणतीस रुपये सत्त्याण्णव पैसे, मग एकदा सव्वापाच, आणि चार वर्षांचे अठरा. एकूण एकशे सोळा रुपये पंचावन्न पैसे, आणि ते सारे डब्यात होते. पहिल्या काही वर्षांतले रुपये चांदीचे निघाले. आणे आणि पै यांना आता भाजीवालीही हात लावणार नव्हती, तरी त्याही तशाच होत्या, धुतलेल्या.

"कायदाच नव्हता, तर हे सगळं तुझं," काका म्हणाले, "फक्त वहीप्रमाणे तुझ्याकडे काही येणं आहे. सत्तावन्न ते पासष्ट, दरसाल एक तृतीयांश. तीन पैसे."

"कायदा नव्हता तर बाकी कसली?" माझी आई म्हणाली.

"दंड रद्द होईल. बाकी ही बाकी असते. बाबांच्या हातची नोंद आहे."

स्वयंपाकघरातून तेल तापल्याचा वास येऊ लागला आणि धाकट्या काकूंनी आतून पहिली हाक दिली. आजीने कडोसरीला हात घातला. तीन पैशांचे एक ॲल्युमिनियमचे षट्कोनी नाणे काढून तिने वहीवर, त्या नोंदीच्या नेमके शेजारी, ठेवले.

"त्यांच्या वहीत माझ्या नावावर काही राहायला नको," ती म्हणाली, आणि भिंतीचा आधार घेत उठता उठता काकांकडे वळली. "पावती लिही. आणि मामाला सांगा, परसातून जा म्हणावं."